अजून बीपी नाही, तरी आतापासून मीठ कमी करायचं का?

कंबरतलाव

मंडळी, वय ४३. कंपनीच्या तपासणीत बीपी १२८/८२ निघालं. गोळी वगैरे काही नाही. पण वडिलांना बीपी, थोरल्या काकांना बीपी, त्यात काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. त्यामुळे सौ.नं घरात मीठबंदी जाहीर केलीय. आमटी अळणी, पापड कपाटाच्या वरच्या फळीवर, शेंगाचटणी निम्म्या मिठाची. आईचं म्हणणं, ज्याला दुखणं त्यानं पथ्य करावं, अख्ख्या घराला कशाला उपास?

सकाळी तलावाला फेऱ्या मारताना विषय काढला तर चार जणांची पाच मतं. एक म्हणाले, कच्चं मीठ वाईट, शिजलेलं बाधत नाही. दुसरे म्हणाले, सैंधव खा, काय वाटेल तेवढं खा. तिसऱ्यांचं म्हणणं, पुण्या-मुंबईचे नियम आपल्याला लावू नका, इथं सोलापुरात एप्रिलमध्ये पारा ४३ ला टेकतो, घामावाटे मीठ जातंच, आपल्याला उलट जास्त लागतं. चौथे म्हणाले, बीपी टेन्शननं होतं, मिठानं नाही.

माझा प्रश्न एवढाच. ज्याला अजून बीपी नाही त्यानं मीठ कमी केलं तर पुढं ते टळतं का? की घराण्यात आहे म्हटल्यावर येणारच? अनुभव सांगा. लिंका नकोत, गूगल मलाही येतं.

पेठेतला_वाणी

दुकानातला अनुभव. लो सोडियम मिठाचं पाकीट मागणारं गिऱ्हाईक त्याच पिशवीत अर्धा किलो फरसाण, खारे शेंगदाणे आणि उडदाचे पापड घेऊन जातं. चालू द्या.

मागवाला

मालक, मे महिन्यात दुपारी तीनला पत्र्याच्या शेडमध्ये मागापाशी उभं राहून बघा की. बनियन वाळलं की पाठीवर पांढरे नकाशे उठतात मिठाचे. आमचे वडील चाळीस वर्षं माग चालवले, दुपारच्याला तांब्याभर ताक आणि त्यात मूठभर मीठ. बीपी म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यांना. आता लोकं एसीत बसून मीठ सोडायलेत आणि वर दमलो म्हणायलेत.

आकडेमोड

मागवाला, 'बीपी म्हणजे काय ते माहीत नव्हतं' आणि 'बीपी नव्हतं' यात फरक आहे. कधी मोजलं होतं का त्यांचं?

मागवाला

कशाला मोजतील? काही त्रासच नव्हता.

आकडेमोड

हेच म्हणतोय.

शेंगापोळी

कंबरतलाव, तुमच्या सौ.ना आधी माझा नमस्कार सांगा, आणि मग सांगा की एकदम निम्मं करायची घाई नको. एका दिवसात मीठ निम्म्यावर आणलं की ताटावरचा माणूस बंड करतो आणि मिठाचा सट टेबलावर येतो. मग वरून घातलेलं मोजायचं कुणी? आमच्याकडं सासऱ्यांना बीपी निघालं तेव्हा मी कुणाला न सांगता दर आठवड्याला चिमूट चिमूट कमी करत गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोनेक महिन्यांनी लग्नाला जेवायला गेलो तर पहिल्या घासाला सासरेच म्हणाले, आमटीत समुद्र ओतलाय का. जीभ वळते, वेळ द्यावा लागतो.

दुसरं, मीठ किती खातो हे कुणालाच माहीत नसतं. मी एक सोपा हिशेब करते. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. चार माणसांचे झाले २० ग्रॅम. त्या हिशेबानं किलोचं पाकीट ५० दिवस पुरायला पाहिजे. पाकीट फोडलं की त्यावर पेनानं तारीख टाकायची. आमचं आधी महिनाभरही पुरत नव्हतं. (लोणच्याचं आणि कुरडया-पापड्यांचं मीठ वेगळं आणते, ते यात धरत नाही.)

पेठेतला_वाणी

वहिनी, हा हिशेब सगळ्यांना सांगू नका, आमचा धंदा बसेल. हलकं घ्या.

आकडेमोड

पाकिटाचा हिशेब झकास आहे, पण त्यात बाहेरचं मीठ येत नाही. नवऱ्याची संध्याकाळची भजी, पोरांचे वेफर्स, बेकरीची खारी आणि पाव. पुडक्याच्या मागं सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं, त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झालं. आणि पापडखार, खायचा सोडा, पोटात गॅस झाला की पाण्यात फसफसवून पितो ती पावडर, या सगळ्यांत सोडियम असतं, जिभेला खारट लागो न लागो.

पूर्वभाग

आमच्या आजोबांची आठवण झाली. छाती ठोकून सांगायचे, मी मीठ खातच नाही. कारण काय, तर भात अळणी शिजवायचा. आणि त्या पांढऱ्या भातात आवकाय, म्हणजे कैरीचं तिखट लोणचं, कालवायची, बोटांना लाल तेल लागेस्तोवर. आवकायला मीठ पेल्यानं मापून घालतात आमच्याकडं. त्यावर चिंचेची पच्चडी, शेवटी ताकभात, त्यातही मीठ. पण भात अळणी!

मालदांडी

आमच्याकडं भाकरीत मीठ नसतं, शहरात चपातीच्या कणकेतही घालतात. पण भाकरीसोबत ठेचा असतो आणि ठेचा म्हणजे मिरचीइतकंच मीठ. त्यामुळं खेड्यातलं जेवण साधं म्हणून बीपी होत नाही, या भ्रमात कुणी राहू नये. आमच्या गावात आशाताई घरोघरी सांगून गेल्या, उपकेंद्रात तपासणी झाली, तर निम्मी पारावरची मंडळी त्यात सापडली. गोळ्या फुकट मिळाल्या. आता त्या गोळ्या कोनाड्यात आहेत. विचारलं की म्हणतात, चक्कर आली तर घेतो.

रात्रपाळी_डॉक्टर

ड्यूटी संपवून लिहितोय, त्यामुळे थोडं विस्कळीत होईल.

आधी कच्च्या-शिजलेल्याचं. मीठ तव्यावर भाजा, नाहीतर आमटीत तासभर उकळा, त्यातलं सोडियम कुठंही जात नाही. 'वरून मीठ घेऊ नका' हे आम्हीच सांगतो, कारण वरचं मीठ सोडायला सोपं असतं. लोक त्याचा अर्थ लावतात की आतलं चालतं. ओपीडीत रोज ऐकतो, 'डॉक्टर, मीठ पूर्ण बंद आहे, फक्त स्वयंपाकात घालतो तेवढंच.' आपल्याकडे खरं मीठ तिथंच तर असतं. इंग्लंड-अमेरिकेत बहुतेक मीठ तयार पदार्थांतून पोटात जातं, म्हणून तिकडे कंपन्यांना धरावं लागतं. आपल्याकडे मिठाचा हात घरातल्या बाईचा. (पुरुषांनी स्वयंपाक केला तर त्यांचा. आमच्याकडे माझा आहे आणि तो जड आहे.)

सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ. रंग वेगळा, किंमत वेगळी, नव्वद टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच. शिवाय त्यात आयोडीन घातलेलं नसतं. सैंधव 'वाटेल तेवढं' खाणारा माणूस साध्या मीठवाल्यापेक्षा जास्त सोडियम खाऊन बसतो, कारण तो निर्धास्त असतो.

आता मूळ प्रश्न, कारण तो बाजूला पडायला लागलाय. यावर नेमका प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत ३० ते ५४ वयाचे, वजन थोडं जास्त, बीपी अजून नाही पण खालचा आकडा ८३ ते ८९ असे २,३८२ लोक घेतले. कंबरतलाव, जवळपास तुमचीच जात. काहींना मीठ कमी करायला शिकवलं, काहींना वजन कमी करायला, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. १९९७ साली निकाल छापून आला. तीन-चार वर्षांत मीठ कमी केलेल्यांत बीपी जडण्याचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्शानं कमी निघालं. वजन उतरवलेल्यांनाही जवळपास तेवढाच फायदा. याच प्रयोगातल्या आणि त्याच्या आधीच्या अशाच एका प्रयोगातल्या लोकांचा दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा माग काढला, तेव्हा मीठ कमी करायला शिकलेल्यांत हृदयविकार आणि अर्धांगाचे झटके सुमारे २५ टक्के कमी दिसले.

म्हणजे टळतं का? सगळ्यांचं नाही. ज्यांना ते जडणार होतं, त्यांतल्या पाचात एकाचं टळतं किंवा लांबतं. घराणं बदलता येत नाही, हे बदलता येतं.

मागवाला

डॉक्टर, घामाचं काय ते सांगा की.

रात्रपाळी_डॉक्टर

सांगतो. तुमचं म्हणणं खोटं नाही, पण ते तुमच्यापुरतं आहे. आठ तास पत्र्याखाली घाम गाळणाऱ्याचं मीठ जातं, त्यानं ताकात मीठ घेतलं तर बिघडत नाही. त्यातही उन्हाची सवय झाली की शरीर मीठ राखायला शिकतं, घाम उलट जास्त येतो पण कमी खारट येतो. अडचण अशी की तुमची सबब सगळं सोलापूर वापरतं. सकाळी दहाला गाडीवरून ऑफिसला गेला, दिवसभर पंख्याखाली बसला, संध्याकाळी घरी येऊन म्हणतो, ऊन फार, मीठ जास्त लागतं. त्याला पाणी लागतं.

मागवाला

हे पटलं. फक्त मूठभर म्हणजे खरोखर मूठ नव्हे हो, बोलायची पद्धत.

जुनी_गिरणी

अवांतर होईल, पण मीठ आणि सोलापूर म्हटल्यावर राहवत नाही. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना ५ मे १९३० ला अटक झाली आणि सोलापूर पेटलं. १२ मेला इथं मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. ज्या गावानं मिठापायी एवढं सोसलं, त्या गावाला मीठ सोडा म्हणणं सोपं नाही.

आकडेमोड

सर, आदर आहे, पण ते मिठावरच्या करासाठी होतं. मीठ जास्त खा म्हणून नव्हतं.

जुनी_गिरणी

तुझ्यासारखे विद्यार्थी वर्गात मागच्या बाकावर बसायचे.

आकडेमोड

:) बरं, आता थोडा विरोधी पक्ष. डॉक्टरांनी एकच बाजू मांडली. २०१४ साली बऱ्याच देशांतल्या लाखभर लोकांचा एक मोठा अभ्यास आला होता, प्युअर नावाचा. त्यात सोडियम दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, म्हणजे मीठ साधारण साडेसात ते पंधरा ग्रॅम खाणाऱ्यांना धोका सर्वांत कमी दिसला. त्याहून जास्त खाणाऱ्यांना धोका, आणि कमी खाणाऱ्यांनाही धोका. मग ५ ग्रॅमचा आग्रह कशासाठी? शिवाय ज्यांना बीपी नाही त्यांच्यात मीठ कमी करून वरचा आकडा फार तर दोन-अडीचनं उतरतो. दोन आकड्यांसाठी जन्मभर अळणी खायचं?

रात्रपाळी_डॉक्टर

रास्त प्रश्न. प्युअरमध्ये मीठ मोजलं कसं, ते बघा. सकाळच्या एकदाच्या लघवीवरून दिवसभराचा अंदाज बांधला. खरं मोजायचं तर २४ तासांची लघवी साठवावी लागते, तीही एकापेक्षा जास्त वेळा. दुसरं असं की जो आधीच आजारी आहे त्याचं जेवण कमी, पथ्य चालू, म्हणून मीठही कमी. त्याला पुढं काही झालं की आळ मिठाच्या कमतरतेवर. हा वाद संशोधकांत अजून मिटलेला नाही, हे मात्र मान्य. पण भांडण तळाच्या टोकाचं आहे, कमीत कमी किती असावं याचं. आपल्या देशात सरासरीच ८ ग्रॅमच्या आसपास किंवा वर आहे. दहा-बारा ग्रॅम खाणाऱ्यानं उतरावं, यावर फारसं दुमत नाही.

दोन आकड्यांचं म्हणाल तर ते बीपी नसलेल्यांचं. बीपी असलेल्यांत दिवसाला चारेक ग्रॅम मीठ कमी केलं की वरचा आकडा साधारण पाचनं उतरतो. आणि दोन आकडे एका माणसाला किरकोळ, पण आख्ख्या गावाचे दोन-दोन उतरले तर किती झटके वाचतील, याचा विचार करा.

मालदांडी

गावाचं गाव करेल हो. गावाला आधी गोळी खायला लावा.

आक्काचा_नातू

सगळे कमी करा, कमी करा म्हणतायत, म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमची आव्वा, वय ७६, बीपीची जुनी पेशंट. गोळी चालू, त्यातली एक लघवी होण्याची. कुणीतरी मठात सांगितलं की मीठ हे पांढरं विष, पूर्ण सोडा, गोळी सुटेल. आव्वानं सोडलं, आणि ती एकदा ठरवलं की ठरवलं. बिनमिठाची भाकरी, बिनमिठाची डाळ, पाणी मात्र तांब्यावर तांब्या, कारण उन्हाळा. एप्रिलच्या शेवटी गळून गेली. आम्हाला वाटलं ऊन लागलं. मग मला माझ्या मेलेल्या चुलत्याच्या नावानं हाक मारायला लागली, रात्रीचं उठून गड्ड्याला जायचंय म्हणून साडी नेसायला लागली. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, ती जानेवारीत असते. दवाखान्यात नेलं तर रक्तात सोडियम ११६, म्हणजे फारच खाली. चार दिवस आयसीयू. आव्वा बरी झाली, घरी आल्यावर पहिल्यांदा मीठ-भाकर मागितली.

तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी, त्यातही गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे प्रयोग मनानं करू नयेत.

रात्रपाळी_डॉक्टर

हा प्रतिसाद धाग्याच्या वर टांगायला हवा. दर उन्हाळ्यात असे पेशंट येतात. थायझाइड गटातली लघवीची गोळी, उतारवय, बिनमिठाचं जेवण आणि भरपूर नुसतं पाणी, हे चार एकत्र आले की सोडियम घसरतं. घरचे म्हणतात वेड लागलं, बाहेरचं काही झालं. साधी रक्ततपासणी लागते. कमी करा म्हणजे शून्य करा नव्हे. आणि मीठ सोडलं म्हणून गोळी आपल्या मनानं कधीच बंद करायची नाही.

शेंगापोळी

आव्वांना दंडवत. आणि 'बाहेरचं काही झालं' म्हणून मीठमोहऱ्या उतरवणाऱ्या घरात निदान मीठ तरी असतं.

पूर्वभाग

डॉक्टर, ते लो सोडियम मीठ घ्यावं का? दुकानात तिप्पट किंमत आहे, पण चव जवळपास तीच लागते. थोडं कडवट.

रात्रपाळी_डॉक्टर

त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, कडवटपणा त्याचा. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळपास २१,००० लोकांवर याचा प्रयोग झाला, २०२१ मध्ये निकाल आला. आधी झटका येऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले बीपीवाले लोक होते. निम्म्या खेड्यांना ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमचं मीठ दिलं. पाच वर्षांच्या आसपास बघितलं, तर अर्धांगाचे झटके १४ टक्के कमी. म्हणजे फायदा आहे. पण किडनीचा आजार असेल, किंवा टेल्मीसार्टन, रामीप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय ते पाकीट घरात आणू नये. टेल्मीसार्टन तर बीपीवाल्यांत घरोघरी आहे.

पेठेतला_वाणी

हे मला नवीन. गिऱ्हाईक 'बीपीसाठी द्या' म्हणतं आणि मी देतो. आता गोळी कोणती चालू आहे ते विचारीन.

मागवाला

किराणावाल्याकडं डिग्री आली बे! आता फी घेतो का?

पेठेतला_वाणी

उधारी चुकवा आधी.

कंबरतलाव

सगळ्यांचे आभार. आईला २,३८२ लोकांचा प्रयोग वाचून दाखवला. ती म्हणाली, त्यात सोलापूरचा कोण होता? त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आव्वांचा किस्सा मात्र तिनं मन लावून ऐकला, कारण तिलाही लघवीची गोळी आहे. सौ.नं शेंगापोळी यांची चिमूट-चिमूट पद्धत मान्य केलीय, पापड आठवड्यातून एकदा मिळणार आहे. पाकिटावर तारीख पडली. वजन मात्र ८१ आहे, त्याबद्दल इथं कुणी बोलू नका.

एकच राहिलं. १२८/८२ हे नॉर्मल धरायचं का? कंपनीवाले हो म्हणाले.

आकडेमोड

८१ किलोवर डॉक्टर बोलल्याशिवाय राहणार नाहीत.

रात्रपाळी_डॉक्टर

बोलतोच. त्या प्रयोगात वजनाचाही गट होता, विसरू नका.

१२८/८२ आपल्याकडे बीपी धरत नाहीत, १४०/९० पासून धरतात. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० धरतात, त्या मापानं तुमचा खालचा आकडा आताच रेषेपलीकडे आहे. पण तो एका तपासणीचा आकडा आहे, आणि कंपनीच्या तपासणीत रांगेत उभं राहून, चहा पिऊन, शर्टाच्या बाहीवरून मोजतात. घरी नीट मोजा. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, फेऱ्या काही नाही. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. मधे बोलायचं नाही. दोनदा मोजा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, वहीत लिहा आणि ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

मागवाला

पाच मिनिटं गप्प? सोलापूरकर?

मालदांडी

मशीन आणलं की आईंचंही मोजा. आणि त्यांच्या गोळीची पट्टी सोबत घेऊन जावा, उन्हाळ्याआधी रक्तातलं सोडियम बघायचं का ते विचारा.